टे नदीच्या पल्याड: व्हायलेट जेकब

(पहाट. खाडीवर हंसांचे थवे.)

ओहोटी लागलीय. मॉन्ट्रोजच्या खाडीत चिखल उघडा पडलाय आणि त्यावर गुलाबी पायांचे रानहंस उतरताहेत. दर शरदात ते आइसलँड, ग्रीनलँडहून स्कॉटलंडच्या या अँगस परगण्यात येतात.

स्कॉटिश कवयित्री आणि कादंबरीकार व्हायलेट जेकब यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेत हेच हंस आहेत. दूर दक्षिणेत राहणारा एक माणूस उत्तरेच्या वाऱ्याला विचारतो, वाटेत काय काय पाहिलंस? वारा सांगत जातो. अँगसच्या खोऱ्यांवरून समुद्राकडे निघालेल्या हंसांची रांग, मागे रेंगाळणारी त्यांची हाक. तेव्हा हा कळवळतो: गप्प बस रे बाबा, पुढचं ऐकवत नाही.

कविता स्कॉट्स या स्कॉटलंडच्या बोलीत आहे. नांगरटीला जाणाऱ्या, गोठ्यात राबणाऱ्या माणसांच्या तोंडची भाषा. आणि लिहिणारी या वाड्यातली लेक.

(हाउस ऑफ डन. दिवाणखाना.)

1863 साली जेकब इथं जन्मल्या. विल्यम ॲडमनं आखलेली ही वास्तू 1743 मध्ये पुरी झाली. वर पाहा, गिलाव्यातली ही शिल्पं. परागंदा स्टुअर्ट राजघराण्याबद्दलची निष्ठा त्यांत दडवलीय, असं मानतात. 1911 च्या 'फ्लेमिंग्टन' या कादंबरीत जेकबबाईंनी याच घराला दुसरं नाव दिलं. काळ 1745 चा, स्टुअर्टांना पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या बंडाचा. आर्ची फ्लेमिंग्टन हा राजा जॉर्जचा हेर चित्रकार म्हणून घरात शिरतो. बंडखोर कॅप्टन लोगी विश्वासानं त्याच्यापाशी आपलं दुःख उघडं करतो. मग आर्चीला हेरगिरी जमत नाही.

(फुलांची चित्रं.)

ही फुलं मात्र आपल्याकडची. नवरा लष्करात, म्हणून 1895 पासून काही वर्षं त्या महूला होत्या. हो, बाबासाहेबांचं जन्मगाव महू. तिथल्या रानातली फुलं त्यांनी अशी एकेक करून रंगवली.

1915 मध्ये 'साँग्ज ऑफ अँगस' आलं. या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत लेखक जॉन बकन यांनी नेमकं हेरलं: ही जिवंत बोली आहे, जोरकस शब्द वेचून जडवलेली नक्षी नव्हे. आमच्या मते जेकब यांचं खरं मोठेपण इथं आहे. कादंबऱ्यांचं निवेदन त्यांनी इंग्रजीत लिहिलं. जिवाचं बोलायला ही बोली घेतली.

1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, एकुलता एक मुलगा हॅरी सोमच्या लढाईत गेला.

(खाडी. फक्त वारा.)

(एडिनबरो. पाऊस.)

मेकार्स कोर्ट हे स्कॉटिश लेखकांच्या स्मरणाचं अंगण. त्याच्या फरशीवर हंसांच्या कवितेतली ओळ कोरलीय. स्कॉट्समध्येच. टेच्या पल्याड कितीतरी आहे, जे मला जिवाहून मोठं आहे.