४८ कर्ण्यांची भिंत

(दृश्य: समुद्रकिनारा. काँक्रीटची उंच भिंत, तिच्यात ओळीने गोल भोकं.)

लांबून हे मधमाश्यांचं पोळं वाटतं. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक भोकात एक कर्णा बसवलाय. एकूण ४८. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.

हे तैवानच्या ताब्यातलं किनमेन बेट. पाण्यापलीकडे दिसतंय ते चीनचं शियामेन. ही भिंत १९६७ साली उभी राहिली, ती शत्रूच्या कानाशी बोलायला. आवाज २५ किलोमीटरपर्यंत जायचा म्हणतात. घोषणा व्हायच्या, पलीकडच्या सैनिकांना फितवायला आमिषं दाखवली जायची. पुढे त्यात एका बाईचा आवाज आला. हळुवार, शेजारणीशी बोलावं तसा. आणि तिची गाणी.

डेंग लीजुन तिचं नाव. जगाला ती तेरेसा टेंग म्हणून माहीत आहे. जन्म १९५३, तैवानच्या युनलिनमधला. वडील चीनमधून तैवानला आलेल्या फौजेतले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा अर्ध्यावर सोडून पोरगी गायला लागली.

(दृश्य: जुना कॅसेट प्लेअर, फिरणारी रिळं.)

चीनमध्ये तिच्या गाण्यांवर शिक्का बसला, ‘पिवळं संगीत’. म्हणजे चवचाल, मन बिघडवणारं. खरं तर त्यात असायचं काय? चंद्र, विरह, कुणाची तरी वाट पाहणं. पण क्रांतीच्या समूहगीतांवर वाढलेल्या कानांना एकट्या माणसासाठी गायलेलं गाणं नवीनच होतं. लोक चोरून रेडिओ लावायचे. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरून घ्यायचे, गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येईस्तोवर. सत्तेवर तेव्हा डेंग झिआओपिंग. आडनाव एकच! म्हणून लोक म्हणायचे, दिवसा थोरल्या डेंगचं ऐकायचं, रात्री धाकटीचं.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. १९५२ मध्ये आपले नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली, तेव्हा आपल्याकडेही काटा रेडिओ सिलोनवर सरकलाच होता की.

तैवानची ही लाडकी लेक १९७९ मध्ये मात्र तैवानच्याच वर्तमानपत्रांच्या तावडीत सापडली. जपानमध्ये ती इंडोनेशियाच्या पासपोर्टवर शिरताना पकडली गेली. जपानने १९७२ मध्ये तैवानशी अधिकृत संबंध तोडले होते, तैवानी पासपोर्टवर प्रवास म्हणजे दर वेळी कटकट. ते कारण छापण्यापेक्षा ‘देशाची अब्रू घालवली’ छापणं सोपं होतं. जपानने वर्षभर दार लावलं. तीही तडक घरी न येता अमेरिकेला गेली. १९८० मध्ये परतली, तेव्हा सरकारने जवळ घेतलं आणि लवकरच ती लष्करी तळांवर, जवानांच्या घोळक्यात, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गाताना दिसू लागली. ही माफी फुकट मिळाली असं मला तरी वाटत नाही.

जपाननेही पुढे तिला डोक्यावर घेतलं. १९८४, ८५ आणि ८६, सलग तीन वर्षं तिथला केबल रेडिओचा सर्वोच्च पुरस्कार तिलाच.

(दृश्य: हाँगकाँग, हॅपी व्हॅलीचं रेसकोर्स.)

२७ मे १९८९. लोकशाही मागणाऱ्या बीजिंगच्या विद्यार्थ्यांना पाठिंबा द्यायला इथे लाखोंची गर्दी जमलीय. ती मंचावर येते. चेहऱ्याला मेकअप नाही. कपाळावर पट्टी, गळ्यात पाटी: लष्करी राजवटीला विरोध. आणि ती गाते ते गाणं, माझं घर डोंगरापलीकडे आहे म्हणणारं. आठ दिवसांच्या आत बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात रणगाडे शिरले. आईवडिलांच्या त्या मुलखात तिने आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलं नाही.

८ मे १९९५. थायलंडमधलं चिआंग माई. दम्याचा झटका आला आणि ती गेली. वय अवघं ४२. बातमी पुरेशी नव्हती म्हणून की काय, ती हेर होती अशा कंड्याही पिकल्या. शवपेटीवर मात्र तैवानचा राष्ट्रध्वज होता.

(दृश्य: डोंगरउतारावरची दफनभूमी, खाली समुद्र.)

तैपेईच्या उत्तरेला, जिनबाओशान इथे तिची समाधी आहे. समोर जमिनीतच पियानोच्या मोठाल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्यात. पाय ठेवला की सूर उमटतो. येणारी माणसं एका पट्टीवरून दुसरीवर पाय टाकत तिचंच एखादं गाणं वाजवून बघतात. बरेचदा चुकतात, आणि पुन्हा पहिल्या पट्टीवर येऊन उभी राहतात.