वाळवंटातली मोसंबी

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळा सरता सरता आपल्या बाजारात एक चकचकीत केशरी फळ दिसू लागतं. अंगावर चिमुकलं लेबल, साल इतकी चिवट की नख रुतत नाही, सुरीच घ्यावी लागते. फळवाला सांगतो, "इजिप्तचं संत्रं आहे, ताई." खरं म्हणजे ते नागपुरी संत्र्यापेक्षा जालन्याच्या मोसंबीचं जवळचं नातलग. जात व्हॅलेन्सिया.

आता इजिप्त म्हणजे सुमारे 95 टक्के वाळवंट. कैरोत वर्षाचा पाऊस जेमतेम इंचभर. तरी तिथं दरसाल पस्तीसेक लाख टन संत्री पिकतात, आणि 2020 च्या आसपास वजनाच्या हिशेबात निर्यातीत या देशानं चक्क स्पेनला मागे टाकलं.

हे झालं कसं? जुन्या बागा नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या, कालव्याच्या पाण्यावरच्या. दोन-चार एकरांचे तुकडे, वाफे भरून पाणी द्यायचं, माल मुख्यतः देशातच खपायचा. नाभीसारखा खळगा असलेल्या नेव्हल संत्र्याला तिथले लोक 'अबू सुर्रा' म्हणतात, म्हणजे बेंबीवाला! आणि आपल्यासारखं सैल सालीचं संत्रं ते 'युसूफ एफेंदी' या माणसाच्या नावानं ओळखतात. एकोणिसाव्या शतकातला इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली, त्याच्या राजवटीत ते त्यानं आणलं म्हणे. फळाला माणसाचं नाव देण्यात ते आपल्यापेक्षा दिलदार दिसतात.

पण निर्यातीची उडी या जुन्या बागांनी मारलेली नाही. ती मारली कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्याच्या आजूबाजूच्या आणि नुबारियाकडच्या नव्या बागांनी. तिथं जमीन म्हणजे निव्वळ रेती. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा, काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या रोग कसा झाडं खातो ते. रेतीत ती भीती कमी, पाणी झिरपून जातं. मात्र खतही त्याच्याबरोबर जातं. म्हणून ठिबक, आणि ठिबकमधूनच खत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. खुंटही बदलला. जुन्या जमिनीत कडू नारिंगाच्या खुंटावर कलम करायचे, रेतीत व्होल्कामर लिंबाचा खुंट चालतो. झाड झपाट्यानं वाढतं, लवकर फळाला येतं.

व्हॅलेन्सियाचा आणखी एक गुण व्यापाऱ्याच्या फार आवडीचा. तयार फळ झाडावर काही आठवडे टिकून राहतं. म्हणजे झाड हेच शीतगृह, वर विजेचं बिल नाही.

दुसरं कारण शेतात नाही, बँकेत आहे. 2016 च्या सुरुवातीला एका डॉलरला नऊपेक्षा कमी इजिप्शियन पाउंड पडत. त्या नोव्हेंबरात सरकारनं चलन मोकळं सोडलं नि त्याची किंमत अर्ध्यावर आली. पुढेही ते घसरतच गेलं आणि मार्च 2024 नंतर डॉलर पन्नास पाउंडांच्या घरात पोहोचला. परदेशी गिऱ्हाइकाला माल स्वस्त झाला, निर्यातदाराला डॉलर मिळाले. पण पंपाचे सुटे भाग आणि औषधं बाहेरून येतात, ती त्याच प्रमाणात महागली. शेतकऱ्याच्या हाती नेमकं किती उरलं, हा प्रश्न निर्यातीच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. बांगलादेशानं आपल्या संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं तेव्हा विदर्भातल्या बागाईतदारानं जे सोसलं, ते ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि मग पाणी. 1959 च्या करारानुसार नाईलचं 55.5 अब्ज घनमीटर पाणी इजिप्तच्या वाट्याला येतं. तेव्हा लोकसंख्या अडीच कोटींच्या आसपास होती, आज दहा कोटींच्या पुढे आहे, आकडा मात्र तोच. त्यात इथिओपियानं नाईलच्याच उपनदीवरचं आपलं मोठं धरण 2020 पासून भरायला घेतलं. रेतीतल्या बागांपैकी कितीतरी विहिरींवर जगतात. उपसा वाढला की पाणी खोल जातं, खारट होतं, आणि लिंबूवर्गी झाडाला मीठ अजिबात सोसत नाही. पानांच्या कडा करपायला लागतात. जगाची सरासरी धरली तर एक किलो संत्र्यामागे साडेपाचशे लिटरांहून जास्त पाणी लागतं. टीकाकार म्हणतात, हा देश पाणीच पेट्यांत भरून विकतोय. मला हे अर्धंच पटतं. इजिप्त गव्हाच्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक. संत्री विकून आलेल्या डॉलरात बाहेरचा गहू, म्हणजे बाहेरचं पाणीच घरात येतं. सौदा अगदीच वेडगळ नाही. फक्त विहिरीचं पाणी परत भरून येत नाही, ते या हिशेबात कोणी धरत नाही.

जाता जाता त्या लेबलवाल्या फळाकडे परत येऊ. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ कालवा ज्या देशाच्या दारात, त्याच देशाची काही संत्री मग भूमध्य समुद्रातून उलटी निघाली, जिब्राल्टर ओलांडून, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून भारताकडे. साल चिवट होती, म्हणून बरं.

नमस्कार.