घासाघीस आणि घासणं

(लातुरात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सप्टेंबरात बोललेलं, थोडं नीट करून)

बसा बसा, मागं उभं राहू नका, पुढच्या दोन लाइनी रिकाम्या आहेत, लग्नात आल्यासारखं करू नका. संयोजक म्हणले सर पस्तीस मिनिटं, विषय 'घराचा बाहेरचा रंग आणि लाकडाचं पॉलिश, गावातला कारागीर कसा बघावा'. मागच्या महिन्यात इथं मधुमेहावर बोलणं झालं तेव्हा हॉल भरला होता, आज माणसांपेक्षा खुर्च्या जास्त दिसायल्यात, चालंल.

मी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळं गुत्तेदार शब्द ऐकला की मला आपोआप चहाची तलफ येते. पुण्याकडं ठेकेदार म्हणतात. आपल्याकडं, तिकडं कलबुर्गीला, तेलंगणात सगळीकडं गुत्तेदारच. असो.

माझं म्हणणं एकच आहे, ते आत्ताच सांगून टाकतो, नंतर वेळ उरत नाही हा माझा अनुभव आहे. आपण पेंटरला पैसे देतो रंग लावायचे, आणि खरं काम असतं घासायचं. स्क्वेअर फुटाला अमुक इतके म्हणून रेट ठरतो, आपण घासाघीस करून तो अजून खाली आणतो, आणि मग तो माणूस काय कमी करणार? रंग कमी केला तर लगेच दिसतं. घासणं कमी केलेलं दिवाळीच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. म्हणजे आपण घासाघीस केली की तो घासत नाही, इतकं सोपं आहे ते. हसू नका, मी स्वतः केलंय.

माझं गाव औसा तालुक्यात. वाड्याला सागवानी सज्जा आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात, ३० सप्टेंबरच्या पहाटे, मागची सगळी भिंत गेली पण सज्जा राहिला, तेव्हापासून घरात त्याला देवासारखं वागवतात, आणि देवाला शेंदूर फासतात तसं दर दोन-चार वर्षांनी त्याला ऑईलपेंट फासायचे. पोपटी, बदामी, चॉकलेटी, एकदा तर निळा, कारण ग्रामपंचायतीच्या कामातला उरला होता. (तो कसा उरला हे मला विचारू नका, मी त्या खात्यातला नव्हतो.)

माझी लेक अमेरिकेत असते, तिच्या घरामागं डेक आहे, डेक म्हणजे काय तर लाकडी फळ्यांचा ओटा. ती म्हणली बाबा, उन्हापावसातल्या लाकडावर जाड पेंट लावायचाच कशाला, आतमध्ये ओल अडकली की पोपडे येतात, इथं आम्ही स्टेन लावतो, तो लाकडात मुरतो, दोन-तीन वर्षांनी झिजला की नुसतं धुवून वरून परत एक हात. आणि तीन लोकल माणसांकडून कोटेशन घेतो. झालं, माझ्या डोक्यात स्टेन बसला. शहरातला एक जण आला, चकचकीत कार्ड, उभ्या उभ्या म्हणला दोन दिवसात चमकवून देतो. गावातले पेंटरमामा आले, ते काहीच बोलेनात. खिशातनं किल्ली काढली, कठड्याचा कोपरा खरवडला, उघड्या लाकडावर तांब्यातला पाण्याचा एक थेंब सोडला आणि उकिडवे बसून बघत राहिले. मी म्हणलं मामा, काय बघायलाव? म्हणले, "पाणी प्यायलंय का बघायलोय. लाकूड पाणी पिईना तर तेल कसं पिईल?" हे त्यांना कुठल्या कंपनीनं शिकवलेलं नाही बरं का.

सहा दिवस दोन माणसं नुसती खरवडत होती. चौथ्या दिवशी मी हजरीचा हिशोब घेऊन बसलो, की मामा, चार दिवस झाले, एक थेंब रंग नाही अजून. ते म्हणले, "सर, तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं लावलंय, मी सहा दिवसात काढायलोय." काय बोलणार. इथंच एक सांगून ठेवतो, जुना ऑईलपेंट कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क, लेकरं लांब. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद) वर नको हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, त्याच्या आधीच्या डब्यात काय होतं कुणास ठाऊक, आणि ते सगळं त्या धुळीत येतं.

मग डबल बॉईल तेल. जवसाचंच, आपल्या शेतातलं जवस, त्यात थोडं टर्पेंटाइन. ब्रशनं लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, वर राहिलेलं बोळ्यानं पुसून घ्यायचं, पुसलं नाही तर महिनाभर चिकट राहतं आणि सगळी माती त्यावर बसते. जाताना मामा म्हणले, सर, तेवढे बोळे बादलीत पाण्यात टाका. मी काय केलं, इंजिनिअर माणूस, सगळे बोळे गोळा करून गोणपाटात कोंबले आणि जिन्याखाली ठेवले, उद्या कामाला येतील म्हणून. मे महिना. रात्री आठला धूर! शेजारी म्हणले कुणीतरी बिडी टाकली, चुलतभाऊ म्हणला भाऊबंदकीतलं कुणीतरी केलं, तीन नावंपण घेऊन झाली. कुणी काही केलं नव्हतं. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, बोळे गच्च कोंबले की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि ते आपोआप पेटतात. भूकंपात राहिलेला सज्जा मी फडक्यांनी जाळणार होतो. ज्या तिघांची नावं घेतली त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, म्हणलं होतं ना.

तर भिंतींचं पटपट. आपल्याकडं बोअरचं पाणी खारं, तेच प्लास्टरला, तेच पाणी मारायला, मग क्षार फुटतात आणि रंगाखालून पांढरं येतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ज्यांनी घरं बांधली त्यांनी प्लास्टरला पाणी मारलं तरी कुठून? त्या भिंतीवरनं हात फिरवा, पीठ येतं. अशा भिंतीवर सगळ्यात महागडा रंग लावला तरी पापुद्र्यासारखा निघणार, आधी तारेच्या ब्रशनं घासून, भेगा भरून, प्रायमर.

ओल तपासायची असेल तर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. माझ्या इथल्या घराला जावई येणार म्हणून पेंटर 'भिंत ओली हाय' म्हणत असताना मी लक्ष्मीपूजनाच्या आत लावून घेतलं, वर्षभरात पश्चिमेच्या भिंतीला पुऱ्या फुगल्या. शिव्या त्याला दिल्या. जावयानं वर बघितलंसुद्धा नाही.

माणूस बघायचा तर त्यानं तीन पावसाळ्यांपूर्वी रंगवलेलं घर बघा, यंदाचं नाही, यंदाचं सगळ्यांचं छान असतं. कागदावर लिहून घ्या: घासायचे वेगळे पैसे किंवा हजरी, प्रायमर, दोन हात, खिडक्या मापातनं वजा करायच्या का नाही, परांची कुणाची. तिसऱ्या मजल्यावर बेल्ट नसला तर काम सुरू करू देऊ नका. सगळा अ‍ॅडव्हान्स देऊ नका, पण घासून झालं त्या दिवशीचे पैसे त्याच दिवशी द्या. डबा समोर फोडायचा, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. डब्यातल्या टोकनवरनं भांडू नका, ते कंपनीनं पेंटरला बक्षीस म्हणून टाकलेलं, पेंटरचंच असतं, फक्त रंग टोकन बघून निवडला जाऊ नये, ब्रँड तुम्ही ठरवा.

आणि ऊन. तापलेल्या भिंतीवर रंग बसायच्या आत सुकतो, म्हणून पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर, सावलीच्या मागं मागं जायचं. चांगला पेंटर हे न सांगता करतो, म्हणून तो सकाळी आल्यावर आधी कुठल्या भिंतीला शिडी लावतो ते खिडकीतनं बघा.

झालं, झालं, चहा आलाय. रेट मला विचारू नका, मामा मागच्या लाइनीत बसलेत, त्यांना विचारा, आणि माझ्यासमोर घासाघीस करू नका.