खेळला गेलेला, पण न मोजलेला सामना

(दृश्य : नेरूळ, संध्याकाळ. शीव-पनवेल महामार्गावरून दिसणारे डी. वाय. पाटील स्टेडियम.)

२० जानेवारी २०२२ रोजी याच मैदानावर भारताचा महिला फुटबॉल संघ आशियाई चषकातील आपला पहिला सामना इराणविरुद्ध खेळला आणि तो ०-० असा बरोबरीत सुटला. तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानच्या संघाशी, गाठ होती. पण संघात करोना पसरल्यामुळे नियमाप्रमाणे लागणारे १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. तो सामना झालाच नाही, भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही स्पर्धेच्या हिशेबातून रद्द झाला.

मग ऑनलाइन ज्ञानकोशात या सामन्याची नोंद कशी करायची?

(दृश्य : घरातील टेबल, लॅपटॉप, शेजारी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.)

स्टेडियमपासून जवळच राहणाऱ्या एक शिक्षिका रात्री वह्या तपासून झाल्या की मराठी विकिपीडियावरील महिला फुटबॉलची पाने उघडतात. या सामन्याबाबत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, हे त्यांना ठाऊक आहे. निकाल रद्द झाला म्हणून कोणी ती ओळच पुसून टाकतो, तर कोणी गुणतक्त्यात भारतापुढे एक गुण लिहितो. बाई ओळ ठेवतात, गुण काढतात आणि आशियाई फुटबॉल महासंघाच्या निर्णयाचा संदर्भ जोडतात. त्या मुली नव्वद मिनिटे धावल्या, हे स्पर्धेच्या नियमाने पुसले जात नाही. आणि जो गुण मिळाला नाही, तो मायेपोटी देताही येत नाही.

याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत भारताने भुवनेश्वरला गमावलेले तीन सामने हे वेगळ्या वयोगटाच्या संघाचे आहेत. ते वरिष्ठ संघाच्या पानावर येता कामा नयेत.

(दृश्य : पडद्यावर माहितीचौकट. कर्सर एका आकड्यापाशी थांबतो.)

खरी मेहनत मात्र खेळाडूच्या पानावर तिचे सामने आणि गोल थोडक्यात देणाऱ्या या लहानशा चौकटीत आहे. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारताने थायलंडला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून प्रथमच आशियाई चषकात प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोर यांचे होते. अशा विजयानंतर एखादा वाचक आनंदाच्या भरात खेळाडूच्या गोलांत दोन मिळवतो, पण ‘या तारखेपर्यंत’ असे लिहिलेली जुनी तारीख बदलायचे विसरतो. दुसऱ्या दिवशी आलेला वाचक ती तारीख पाहून तेच दोन गोल पुन्हा मिळवतो. दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि खेळाडूच्या नावावर तिने न केलेले दोन गोल चढतात. म्हणून बाई आकड्याला हात लावण्याआधी तारीख पाहतात, मग ‘इतिहास’ उघडून शेवटचा बदल कोणी, कधी आणि कशाच्या आधारे केला ते वाचतात.

आज त्यांनी इराणविरुद्धच्या सामन्याची पुसली गेलेली ओळ परत आणली आहे. बदलाच्या सारांशात त्या लिहितात : ‘सामना खेळला गेला, स्पर्धेत रद्द, दोन्ही नोंदी ठेवल्या, संदर्भ जोडला.’ मग चर्चा पानावर जाऊन, ओळ काढणाऱ्याला कारण समजावून सांगू लागतात.