पंधरा नोव्हेंबरची हवा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: ‘उत्तर चीनची हवा आणि हुआय नदीची रेघ’. त्या रेघेपर्यंत आपण येणारच आहोत, पण त्याआधी मला तुम्हाला एका बाल्कनीत न्यायचंय.

गाव शिजियाझ्वांग. उच्चाराला अवघड, पण अर्थ साधा आहे, ‘शी घराण्याची वाडी’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं दोन रेल्वेमार्ग येऊन मिळाले, वाडीचं शहर झालं आणि आज ती हबेई प्रांताची राजधानी आहे. सोलापूरकरांना हे नाव परकं वाटायला नको. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथंच विसावलेत. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेला हा मुलगा ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच प्रांतातल्या तांग भागात वारला. पुढे शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी झाली.

मी गेलो २०१६ च्या डिसेंबरात. स्मृतिदिनाला पोहोचायचं होतं, व्हिसा उशिरा मिळाला, त्यामुळे उतरलो १७ तारखेला. आदल्याच दिवशी त्या सगळ्या पट्ट्यात हवेचा रेड अलर्ट लागला होता. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. बंब पेटवताना ओल्या कोळशाचा येतो तसा, पण अख्ख्या शहराला. दुसऱ्या दिवशी स्मशानभूमीत गेलो. डॉक्टरांचा पुतळा समोर आहे असं सांगत होते आणि मला दिसत नव्हता. पंधरा पावलांवर आल्यावर आधी खांदे दिसले, मग चेहरा. कठड्यावर हात टेकवला तर बोटांवर काजळी. एवढ्या लांबून ज्यांच्यासाठी आलो, ते मला धुरातून दिसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं धुरानं नव्हतं.

१९ तारखेला तिथल्या यंत्रांवर पीएम २.५ चा, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा हजाराच्या वर गेला, म्हणजे एका घनमीटर हवेत हजार मायक्रोग्रॅम. आपल्याकडं चोवीस तासांची मर्यादा ६० आहे.

ज्यांच्याकडं उतरलो ते निवृत्त शिक्षक पतिपत्नी. त्या आजींनी बाल्कनीच्या गजाला एक लाल फीत बांधली होती. सकाळी उठल्या की आधी फीत बघायच्या. चार दिवस ती सरळ खाली लोंबत होती. तिकडं एक बोलणं सगळ्यांच्या तोंडी असतं, ‘वारा येईल, वाट बघू’. त्यांना उत्तरेचा वारा हवा असतो, सैबेरियाकडून येणारा. दक्षिणेचा मंद वारा आला तर उलटंच होतं, तो दमट हवा आणि धूर आणून डोंगराच्या पायथ्याशी साठवतो. कुठला डोंगर, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, ‘तुम्ही आलात आणि लाजून आत बसलाय.’ (हशा)

२१ च्या रात्री काचा वाजायला लागल्या. पहाटे बाहेर येऊन बघतो तर फीत आडवी फडफडतेय, आणि पश्चिमेला, आभाळ संपतं तिथं, तायहांगची अख्खी रांग! घळी मोजाव्यात इतकी स्वच्छ. पाच दिवस मी त्या डोंगराच्या सावलीत राहत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी नेलेली सोलापुरी चादर आजींनी त्याच सकाळी गजावर उन्हात टाकली.

आता मला जे सांगायचंय ते. आपण पावसाला नावं देतो. मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस. शेतकऱ्याला ‘पाऊस किती?’ एवढं पुरत नाही, ‘कोणत्या नक्षत्राचा?’ हे त्याला कळावं लागतं. हवेबद्दल मात्र आपण मोबाइल उघडून एकच आकडा बघतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हवेलाही पंचांग असतं.

शिजियाझ्वांगचं पंचांग बघा. थंडीत रात्री जमीन गार पडते, गार हवा खाली बसते, उबदार थर वर झाकणासारखा राहतो. शाळेत आपण शिकलो, तापमानाची विपरीतता. पश्चिमेला तायहांगची भिंत, त्यामुळे त्या बाजूनंही सुटका नाही. मार्च-एप्रिलमध्ये गोबी वाळवंटाची धूळ. १५ मार्च २०२१ ला उत्तर चीननं दहा वर्षांतलं सर्वांत मोठं धुळीचं वादळ बघितलं. चिनी भाषेत अशा हवेला ‘माय’ म्हणतात. या अक्षराच्या डोक्यावर पावसाची खूण आहे, कारण दोन हजार वर्षांहून जुन्या कवितेत त्याचा अर्थ वाऱ्यानं पडणारी माती असा होता. आता तोच शब्द धुराला लावतात. उन्हाळ्यात आभाळ निळं दिसतं, पण उन्हानं जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो श्वासाला वाईट. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, बहुतेक जुलै-ऑगस्टात. आणि तीच तायहांगची भिंत २०२३ च्या जुलैअखेर वादळाचे ढग अडवून उभी राहिली, तेव्हा शेजारच्या शिंगताय भागात एका ठिकाणी काही दिवसांत १००३ मिलिमीटर पडला! त्या पुरावर खरं तर वेगळं…

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, रेघेकडं येतो.

या पंचांगातली एक तिथी माणसानं ठरवलेली आहे, १५ नोव्हेंबर. त्या दिवशी सरकारी हीटिंग सुरू होतं आणि १५ मार्चला बंद. १९५० च्या दशकात ठरलं की छिनलिंग डोंगर आणि हुआय नदीच्या उत्तरेला घरं तापवायची, दक्षिणेला नाही. उत्तरेत त्यासाठी कोळसा जळत राहिला. २०१३ मध्ये चिनी, अमेरिकी आणि इस्रायली संशोधकांनी रेघेच्या दोन्ही बाजू ताडून बघितल्या. त्यांच्या हिशेबानं उत्तरेकडचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमी होतं. २०१७ च्या नव्या हिशेबात ही तूट सुमारे तीन वर्षांची निघाली.

त्याच २०१३ मध्ये बीजिंगची पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ८९.५ होती, शिजियाझ्वांगची दीडशेच्या आसपास. सप्टेंबरात देशाचा कृती आराखडा आला. भट्ट्या बंद झाल्या, सिमेंटचे कारखाने पाडले, बॉयलर बदलले. २०२२ ला बीजिंग ३० वर आलं. हे वाऱ्यानं केलेलं नाही, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

आणि किंमत कुणी दिली तेही सांगतो, मग बसतो. २०१७ च्या थंडीत हबेईच्या खेड्यांत कोळशाच्या शेगड्या काढल्या, गॅस वेळेवर पोहोचला नाही. छ्यूयांग भागातल्या एका प्राथमिक शाळेचे वर्ग इतके गार होते की मुलं बाकं बाहेर काढून उन्हात अभ्यासाला बसली. तो फोटो देशभर फिरला, मग पर्यावरण मंत्रालयानं पत्र काढलं की जिथं गॅस पोहोचलेला नाही तिथं कोळसा जाळू द्या. छ्यूयांग तांगला लागूनच आहे. डॉक्टरांनी शेवटच्या वर्षांत जखमी सैनिक तपासले ते याच डोंगराच्या पायथ्याला, याच थंडीत.