नाड्या आणि हुकं

नमस्कार, श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल केलं होतं. आत नेण्याआधी तिच्या हातात एक गाऊन दिला गेला. फिकट निळा, धुऊन धुऊन विरलेला, मागून उघडा. नाड्या सगळ्या पाठीवर. ज्याने तो घातलाय त्याला त्या स्वतःला बांधता येत नाहीत. मी बांधत होते आणि आई एका हाताने मागची बाजू घट्ट आवळून धरत होती. चाळीस वर्षं शिकवलेली बाई. तिची नुसती चाहूल लागली तरी वर्ग गप्प व्हायचा. त्या गाऊनमध्ये ती शेजारच्या पलंगावरच्या बाईहून वेगळी दिसेना. असा गाऊन डॉक्टरांना सोयीचा असतो, ते मला मान्यच आहे. पण आपण कोण हे आपल्याआधी आपले कपडे सांगत असतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आणि म्हणूनच कुणी काय घालावं यात सत्तेने कायम लक्ष घातलं. प्राचीन रोममध्ये जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत. 1909 मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने तो काढून पाहिला, तेव्हा 12,000 गोगलगायींतून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग हाती लागला. इतका दुर्मिळ रंग कुणाच्याही अंगावर कसा चालेल? निरो बादशहाने तर त्यावर बंदीच घातली होती. ही मिरास कुठल्या बंडाने मोडली नाही. 1856 मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. कारखान्यात तो पिंपांनी तयार होऊ लागला, मग साध्या घरातल्या बायकांनाही जांभळं नेसता आलं.

मला अधिक बोचते ती पॅरिसची गोष्ट. 1800 साली तिथे फर्मान निघालं की बाईला पुरुषी पोशाख करायचा असेल तर पोलिसांचा परवाना हवा. रोझा बोनर ही चित्रकार. घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात उभं राहून तिला जनावरांचा अभ्यास करायचा होता, आणि चिखलात लोळणारा झग्याचा घोळ सांभाळत ते जमण्यासारखं नव्हतं. तिने परवाना काढला, त्यावर डॉक्टरची सही घेतली. मुदत सहा महिने, की पुन्हा नवा. जगभर नावाजलेल्या चित्रकर्तीला विजार घालण्यासाठी प्रकृतीचं कारण द्यावं लागत होतं! पुढे सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम हातात असेल तर सूट मिळाली. फर्मान रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं ते 2013 साली. त्याआधी कितीतरी वर्षं ते कुणी पाळत नव्हतं, हे खरं. पण कागदावर ते होतंच.

आपणही रोज हेच करतो. दारावरच्या रखवालदाराचा गणवेश आपल्याला आठवतो, चेहरा आठवत नाही. तो साध्या कपड्यांत समोर आला तर ओळखही लागत नाही. गणवेश विश्वास देतो, हे नाकारत नाही मी. मात्र तो गणवेश त्याने निवडलेला नसतो.

आईला घरी सोडलं त्या सकाळी तिने आधी स्वतःचे कपडे मागितले. मनगटाला सलाईनची पट्टी तशीच होती, बोटं थरथरत होती. ब्लाउजची हुकं ती एकेक करून लावत होती. मी हात पुढे केला. तिने तो हळूच बाजूला सारला आणि पुढचं हूक शोधू लागली.