तुरीचे दाणे, फणस आणि मियागाओचं चर्च

नमस्कार मंडळी. आज जायचंय फिलिपीन्समधल्या इलोइलो प्रांतात, पण सुरुवात करतो एका जहाजाच्या गॅलीपासून, म्हणजे स्वयंपाकघरापासून. मी रत्नागिरीकडचा, सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये गेली, आणि ज्यांच्या घरचं कोणी जहाजावर आहे त्यांना ठाऊक असेल की कंपनी कुठलीही असो, क्रूमध्ये फिलिपिनो असतातच, आणि त्यात इलोइलोचे हमखास. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिथलाच होता. एका रविवारी गॅलीत मोठं पातेलं उकळत होतं, रस्सा काळपट जांभळा, मी डाव घालून बघितलं तर आत चक्क तुरीचे दाणे आणि फणसाची कुयरी. मी म्हटलं हे कोणी केलं, आमच्या गावचा कोण आलाय जहाजावर? बोसन हसला, म्हणाला सर, हे केबीएल, आमच्या गावचं.

केबीएल म्हणजे कादयोस, बाबॉय, लांका. कादयोस म्हणजे तूर, आपलीच, फक्त गडद रंगाच्या दाण्याची, म्हणून तो रस्सा असा शाईसारखा दिसतो. लांका म्हणजे फणस. आणि मधला बाबॉय म्हणजे डुक्कर, तो तेवढा आपल्या आमटीत नसतो. पण खरी गंमत आंबटपणाची आहे. त्यात चिंच नाही, लिंबू नाही, ते लोक बातवान नावाचं हिरवट गोल फळ अख्खंच्या अख्खं पातेल्यात सोडतात. पुढे कळलं की हे बातवान गार्सिनिया घराण्यातलं, म्हणजे आपल्या रातांब्याचं सख्खं चुलतभावंड. आता सांगा, तूर, फणस आणि आमसुलाचा भाऊ, एवढं सगळं एका पातेल्यात असताना कोकणातला माणूस गप्प कसा बसणार. तेव्हाच ठरवलं की रिटायर झालो की इलोइलो बघायचं, आणि गेलो. बायकोला घेऊन गेलो, आणि ती शाकाहारी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मनिलाहून इलोइलोला विमानाने तासाभरात पोचतो. भारतीयांना २०२५ पासून तिकडे चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय फिरता येतं, पण नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी एकदा बघून घ्या. आम्ही गेलो ते बोसनच्या भरवशावर, त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला जीपनीत बसवलं. जीपनी म्हणजे लांबलचक रंगवलेली जीप, समोरासमोर दोन बाकडी, मागच्या बाजूने चढायचं, आणि भाडं हातोहात पुढे सरकवत ड्रायव्हरपर्यंत पोचवायचं. उतरायचं असलं की ओरडायचं, "सा लुगार लांग". बायकोने हे वाक्य एवढं मन लावून पाठ केलं की परत आल्यावर घराजवळ रिक्षा थांबवतानासुद्धा तिच्या तोंडून तेच निघालं.

मियागाओ हे गाव इलोइलो शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर, समुद्र डाव्या हाताला ठेवून जायचं. गावात उतरलात की चर्च शोधावं लागत नाही, उंचावर बसलंय, आणि रंग असा पिवळसर गेरूसारखा की दुपारच्या उन्हात भाजलेल्या भाकरीची आठवण व्हावी. १७८७ ला बांधकाम सुरू झालं, १७९७ ला पूर्ण. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी बांधलं, आणि हे नाव ऐकल्यावर गोव्याला गेलेल्यांना काहीतरी आठवलं पाहिजे, कारण जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा जो एकुलता पडका मनोरा उभा आहे तो याच पंथाचा. तिथे जांभा दगड, इथे स्थानिक पिवळा चुनखडीचा दगड. गोव्यात आपल्याला उंचच उंच बघायची सवय, हे मात्र बुटकं, रुंद, पाय फाकवून बसलेल्या पैलवानासारखं. भिंती दीड मीटर जाड आणि बाहेरून टेकू दिलेले बुरूज त्याहून जाड. कारणं दोन. एक म्हणजे भूकंप, आणि दुसरं म्हणजे दक्षिणेकडून समुद्रमार्गे होणारे हल्ले, माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायचे, त्यामुळे चर्च हेच गावाचं किल्ला पण होतं. दोन्ही मनोरे सारखे नाहीत, एक उंच एक ठेंगणा, बायको म्हणाली, "अहो, बजेट संपलं असणार."

पण मंडळी, मियागाओला जायचं ते समोरच्या भिंतीसाठी. मी इटलीत, स्पेनमध्ये बंदरांच्या शहरात किती चर्चेस बघितली असतील, द्राक्षांचे वेल, देवदूत, तेच ते. इथे मधोमध काय कोरलंय तर नारळाचं झाड. आणि त्या नारळाला धरून सेंट ख्रिस्तोफर उभा, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडतोय, आणि कपडे शेतकऱ्याचे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अगदी लावणीला चिखलात उतरलेला माणूस. आजूबाजूला पपई आणि पेरू. मी तिथे अर्धा तास मान वर करून उभा होतो. बघा ना, हुकूम स्पॅनिश पाद्र्याचा, पण छिन्नी कोणाच्या हातात तर गावातल्या माणसाच्या, आणि त्याने जे परसात दिसतं तेच कोरलं. पपई, पेरू ही मुळात अमेरिकेतून आलेली झाडं, म्हणजे तीही पाहुणीच, पण तोपर्यंत घरची झालेली. आपल्याकडे नाही का, पेरू परदेशी आहे असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

१९९३ ला युनेस्कोने फिलिपीन्समधली चार बरोक शैलीची चर्चेस जागतिक वारशात घेतली, त्यात हे एक. मधल्या काळात स्पॅनिशांविरुद्धच्या क्रांतीच्या धामधुमीत जळलं, दुसऱ्या महायुद्धात जळलं, १९४८ च्या भूकंपात हादरलं, आणि तरी उभं आहे. तिथल्या जुन्या चर्चेसबद्दल लोक सांगतात की चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालायचे, भिंत पक्की व्हावी म्हणून, आणि मग उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय, तर त्यातून गोड पदार्थ आले. अगदी असंच गोव्यात बेबिंकबद्दल सांगतात, फक्त तिथे पांढरा बलक नन्सच्या कपड्यांच्या खळीला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या का खोट्या देव जाणे, पण ऐकायला मस्त आहेत. आणि इलोइलोत बिबिंका नावाचा तांदळाचा आणि नारळाचा केक मिळतो, खाली निखारे आणि वर पण निखारे ठेवून भाजतात, गोव्यात बेबिंकच्या थरांना वरूनच विस्तव देतात ना, तसं. चव मात्र वेगळी. नाव आणि विस्तव सारखा, बाकी ज्याचं त्याचं.

मियागाओच्या पुढे तासाभराच्या आत सान होआकिन. तिथलं चर्च १८६९ चं, आणि त्याच्या माथ्यावर चक्क लढाई कोरली आहे. कुठली, तर १८६० ची तेतुआनची, स्पेनने मोरोक्कोत जिंकलेली. घोडे, सैनिक, धुमश्चक्री, सगळं आहे. आता मला सांगा, इलोइलोच्या कोळ्यांचा मोरोक्कोशी काय संबंध? मियागाओत माणूस आपलं परसदार कोरतो आणि इथे साहेबाचा विजय. कोरीवकाम जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही, पण मला ते परक्याच्या लग्नाच्या अल्बमसारखं वाटलं.

शहरात परत आलो की दोन चर्चेस नक्की बघा. मोलोचं सेंट ॲनचं चर्च, लाल टोकाचे दोन मनोरे, आत खांबांवर रांगेने सोळा संत आणि सगळ्या बायका. होसे रिझाल, त्यांचा राष्ट्रीय नायक, १८९६ च्या ऑगस्टमध्ये दापितानच्या हद्दपारीतून परतताना इथे येऊन गेला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या. दुसरं खारोचं कॅथेड्रल, इथे उलट, खांबांवर पुरुष संत. पण मान मोठा मेणबत्तीवाल्या मेरीमातेचा, जिची मूर्ती चर्चच्या दर्शनी भागावर आहे आणि जिला १९८१ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः येऊन मुकुट चढवला. लोक म्हणतात ती मूर्ती वाढते आहे. २ फेब्रुवारीला तिची जत्रा. या चर्चचा घंटेचा मनोरा रस्त्याच्या पलीकडे चौकात एकटाच उभा आहे, घरात भांडण होऊन वेगळा राहायला गेल्यासारखा. खारोच्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे लावलेत, गोव्यातल्या जुन्या घरांत असतात तशाच, त्याच जातीचा शिंपला. ते दुधाळ ऊन आत आलं की एसीची आठवण येत नाही.

आता खाणं. मोलोला पान्सित मोलो खायचं. पान्सित म्हणजे नूडल्स, आणि पान्सित मोलोत नूडल्स नसतात. सूपमध्ये मोदकासारख्या छोट्या, डुकराच्या मांसाच्या पुरचुंड्या, कारण मोलो ही चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. मग ला पासचा बाजार, तिथलं बाचॉय. हे मात्र मन घट्ट करून खायचं. जाड पिवळ्या नूडल्स, त्यावर डुकराची कलेजी, गुर्दा, आतडी, नळीतला मगज, वरून चुरलेलं कुरकुरीत चिचारॉन, म्हणजे तळलेली डुकराची कातडी, आणि तळलेला लसूण, आणि त्यावर वाफाळता रस्सा. रस्सा संपला की परत मागायचा, कोणी वाईट मानत नाही, कोल्हापुरात मिसळीच्या कटाला कोण नाही म्हणतं? मी दोनदा घेतला. बायको समोर बसून पुतो खात होती. पुतो म्हणजे वाफवलेली तांदळाची इडलीच हो, लोक ती बाचॉयबरोबर खातात, हिने कोरडीच खाल्ली आणि माझ्याकडे असं बघितलं की पुढचे दोन दिवस मी तिच्या जेवणाच्या मागे.

शाकाहारी माणसाची तिथे परीक्षा असते, खोटं कशाला बोलू. भाजी म्हटली तरी त्यात कोलंबी किंवा खारवलेल्या माशाचा गोळा असतोच. पण लास्वा नावाचं पातळ कालवण आहे, साधं, गावाकडचं. बोसनच्या आईने ते मासळी न घालता केलं, आणि आमची ही ताटात बघतच राहिली. लाल भोपळा, भेंडी, दोडका आणि मायाळू. मायाळूला ते आलुग्बाती म्हणतात. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं आणि हिला तिकडची हिलिगायनॉन भाषा, तरी दोघी परसात जाऊन पानं खुडून एकमेकींना दाखवत होत्या, शेवग्याचा पाला झाला, फणस झाला, मायाळू झाला. जेवताना म्हातारी सारखी विचारायची "नामित?", म्हणजे चांगलं झालंय का, आणि आम्ही "नामित गिद", फारच छान. तिकडची बोली अशी हेल काढून, गाण्यासारखी, मनिलाचे लोक चेष्टेने म्हणतात की इलोंगो, म्हणजे इलोइलोकडचा, माणूस चिडला तरी कळत नाही.

एक दिवस बोटीने गिमारास बेटावर गेलो, किनाऱ्यावरून वीसेक मिनिटं. तिथला आंबा प्रसिद्ध. मी रत्नागिरीचा, माझी भूमिका तुम्ही समजू शकता. पिवळा, लांबट, थोडा वाकडा, रेषा नाही, भरपूर गोड. चांगला आहे. एवढंच म्हणेन, चांगला आहे. पण एका गोष्टीत त्यांनी आपल्याला मागे टाकलं, त्या बेटावर बाहेरचा आंबा आणायला बंदी आहे, कीड येऊ नये म्हणून. आणि इथे आपण हापूसच्या पेटीत कुठला कुठला माल भरून रत्नागिरी म्हणून विकतो, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून सुद्धा.

परत आल्यावर थंडीत तुरीच्या शेंगा आल्या. हिने सोललेले दाणे, फ्रीझरमध्ये ठेवलेली कुयरी आणि चार आमसुलं टाकून केबीएल केलं, म्हणजे केएल केलं, मधला बी वगळून. मी बोसनला व्हिडिओ कॉल लावला आणि पातेलं दाखवलं. तो खूश झाला, मागून त्याची म्हातारी डोकावली, पातेल्यात नीट बघितलं आणि काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणते रे? तो म्हणाला, सर, ती विचारतेय डुक्कर पळालं का?